नामावलीतले हात

"रक्त नको, बाहुली नको, कावळा तर अजिबात नको," असं म्हणून इंद्रजीतनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तुमाला खरंच कशाची भीती वाटती ते सांगा." महेश्वरी कँटीनच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवत होती. आपण बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तोंडातून आपोआप निघून गेलं, "घड्याळ काढून ठेवल्याचा आवाज."

मल्लेश हसला. कॅमेरा त्याच्याकडं होता आणि कॅमेऱ्यात जे दिसत नाही त्याच्यावर त्याचा फारसा विश्वास नसे. "घड्याळात काय भ्यायचं?" तो म्हणाला. इंद्रजीत मात्र हसला नाही. मंगळवेढ्याहून सोलापुरात शिकायला आलेला हा मुलगा गेले सहा महिने 'बंद गाळा' या एकाच सिनेमासाठी जगत होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक गोडबोल्या कारखानदार, त्याच्या बंद पडलेल्या गाळ्यात सापडलेलं प्रेत, आणि तो माणूस इतका सभ्य की त्याच्यावर संशय घ्यायला कुणी धजत नाही. सिनेमा जवळपास पुरा झाला होता. राहिली होती ती सुरुवातीची नामावली, आणि ती अशी हवी होती की नावं वाचता वाचताच बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा. "थांब रे," तो मल्लेशला म्हणाला. "सांग, मही. कुणाचं घड्याळ?"

तिथंच ती थांबू शकली असती. सुचलं असंच, म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण पहिलं वाक्य बाहेर पडल्यावर पुढची मागोमाग आली, आणि येताना ती तिच्या स्वतःच्या आवाजात आली नाहीत, एखादी पाककृती सांगावी तशी आली. माणूस घरी येतो. दुपारी. चपला काढतो, जोडीनं भिंतीशी लावून ठेवतो. माठातलं पाणी पितो. मनगटावरचं घड्याळ काढतो, मग अंगठी काढतो, दोन्ही फ्रिजवर ठेवतो. खिडकी लावून घेतो. कूलर मोठा करतो. "मग?" इंद्रजीतनं विचारलं. "मग काही नाही. आतल्या खोलीच्या दारावर हात ठेवतो. तिथं सिनेमाचं नाव येतं."

मग इंद्रजीतनं टेबलावर अशी थाप मारली की ग्लास हिंदकळले. "लई भारी! आगं, कुटं होतीस तू इतके दिवस?" मल्लेशनंसुद्धा मान डोलावली आणि हातांची चौकट करून तिच्यातून भिंतीकडं बघू लागला. महेश्वरीला वाटलं, आपल्या पोटातलं काहीतरी आपणच काढून त्या चहाच्या डागांत ठेवलंय, आणि हे दोघं त्याच्यावर वाकून, किती छान, किती ताजं, असं म्हणताहेत. त्यांना किळस येईल असं तिला वाटलं होतं. निदान त्यांनी विचारायला हवं होतं की हे तुला कसं ठाऊक. त्यांनी विचारलं ते एवढंच: "आणखी काय काय आहे?"

आणखी बरंच होतं. शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर होतं, पुढची खोली, तिच्यात भिंतीला लावलेली लोखंडी कॉट, आणि कॉटवर डोक्यावरून चादर घेतलेली महेश्वरी. तिच्या वडलांचं, अप्पांचं, म्हणजे पेठेच्या गुरुशांतअण्णांचं, चादरी-टॉवेलचं दुकान दुपारी बंद असे. उन्हाळ्यात त्या वेळी अख्खी पेठ डोळे मिटून पडलेली असायची, कुत्रीसुद्धा गटारीवरच्या फरशीखाली शिरायची. गल्लीत एक चप्पल वाजली तरी ती कुणाची हे कळायचं. अप्पा दुकानात गिऱ्हाइकाशी इतक्या हळू बोलायचे की समोरच्याला पुढं वाकावं लागे. मठात पंगतीला स्वतः वाढायचे. लग्नाकार्यात भांडण निघालं की मिटवायला त्यांना बोलवत. हे सगळं खरं होतं, आणि हेही खरं होतं की काही दुपारी जेवणाआधी घड्याळ मनगटावरून उतरायचं. उतरलं नाही तर अप्पा जेवायचे, पडायचे, चार वाजता पुन्हा दुकानात जायचे. ते उतरणार की नाही याच्यावर सगळं होतं. चादरीच्या आत महेश्वरी श्वास धरून ती बारीक खट् ऐकण्याची वाट बघायची. खट् झाली की तिला एक विचित्र सुटका वाटायची, आता वाट तरी बघायला नको अशी. त्या सुटकेचीच तिला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

अंगठी नंतर आली. महेश्वरी तिसरीत असताना अंगठीच्या खड्यानं अव्वाच्या, तिच्या आईच्या, भुवईवर चीर पडली होती. फडताळाचा कोपरा लागला, असं अव्वानं शेजारणींना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की तो कोपरा अप्पांनी सुताराला बोलावून घासून घेतला. तेव्हापासून अंगठीही फ्रिजवर जाऊ लागली. अप्पा काळजी घेणारे होते. कारण काय असायचं हे महेश्वरीला कधीच नीट कळलं नाही. माहेरचा फोन, आमटीतलं मीठ, कुणीतरी दुकानात अव्वाबद्दल चांगलं बोललेलं. अप्पांचा आवाज चढत नसे. ते कानडीत दोन शब्द म्हणत, "सुम्न कूड," गप्प बस, अगदी लहान मुलाला सांगावं तसं, आणि मग कूलरच्या घरघरीत बाकीचं बुडून जाई. वाळ्याचा ओला वास येई. तो वास लोकांना थंडावा देतो, तिला अजून मळमळतं. मग कधीतरी हे बंद झालं. अप्पांना साखर निघाली, गुडघे गेले, दुपारी त्यांना झोप पुरेना. पश्चात्ताप वगैरे काही नाही. माणूस एखादा खेळ सोडतो तसं त्यांनी ते सोडलं, आणि विसरून गेले. विसरले हेच तिला सोसत नव्हतं.

नामावलीची आखणी आठवडाभर चालली. इंद्रजीत एकेक चित्र कागदावर काढायचा, महेश्वरी खोडायची. त्याला चेहरा हवा होता, तिनं चेहरा काढून टाकला. त्याला संगीत हवं होतं, ती म्हणाली, कूलर पुरे. नावं कुठं यायची हेही तिनंच ठरवलं: माणूस काही करत असताना नाही, दोन गोष्टींच्या मध्ये, हात हवेत असताना. कॅमेरा कुठं ठेवायचा यावर मल्लेश अडला. "वरून घेऊ? की दारातून?" महेश्वरी म्हणाली, "खालून. कॉटवरून. आणि मध्ये चादर." मल्लेशनं हॉस्टेलवरची एक विरलेली चादर भिंगापुढं धरून बघितली. उजेडाचे बारीक चौकोन दिसले, त्यांच्यापलीकडं हलणारं काहीतरी, माणूस असेल असं. तो शिट्टी वाजवायचाच राहिला. "पण ही कुणाची नजर?" इंद्रजीतनं विचारलं. "सिनेमात तर त्याच्या घरी कुणी न्हाई दाखवलेलं." "असतं की घरात कुणीतरी," ती म्हणाली. एवढ्यावर इंद्रजीतनं ते कागदावर उतरवून घेतलं. त्याला ते आवडलं होतं, आणि आवडलेल्या गोष्टीचं कारण तो कधी विचारत नसे.

हातांचं मात्र जमेना. नाटकात काम करणारा एक सीनियर येऊन गेला. त्यानं घड्याळ काढण्याआधी बोटं मोडली, मूठ वळली, फ्रिजवर अंगठी अशी आपटली की ती घरंगळत खाली गेली. "हा माणूस रागावलेला नाही," महेश्वरी पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "तो घरी आलाय फक्त." त्या मुलाला ते काही केल्या कळलं नाही. आणि मग जागा बघायला म्हणून इंद्रजीत तिच्या घरी आला. तिनंच आणलं त्याला. आमच्याकडं कॉट आहे, खिडकी आहे, दुसरीकडं कशाला शोधायचं, असं ती मल्लेशला म्हणाली होती, आणि आपण हे इतक्या सहज म्हणालो याचं तिला आश्चर्य वाटलं होतं. अप्पा घरी होते. "बसा की, बसा," म्हणत त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, इंद्रजीतच्या शेताची चौकशी केली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तोड नाही म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. इंद्रजीत त्यांच्या बोटांकडं बघत होता. महेश्वरीला ते दिसलं आणि पुढचं वाक्य तो बोलायच्या आधीच ऐकू आलं.

"काका, तुमचेच हात द्या की आमाला."

"माझे?" अप्पांनी हात उलटेसुलटे करून बघितले. लाजले. "काय सोनं लागलंय हो हाताला? मही, काय म्हणतोय हा?"

ती नाही म्हणू शकली असती. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, इंद्रजीतचे तीनदा फोन आले, आणि ती नाही म्हणाली नाही. तिला आता एकच चित्र दिसत होतं. अप्पा घड्याळाचा पट्टा सोडवताहेत, आणि अर्ध्यावर त्यांची बोटं थांबतात. ते वर बघतात. कॅमेऱ्याकडं नाही, तिच्याकडं. बाकी तिला काही नको होतं. माफी नको होती, रडणं नको होतं. त्यांनी फक्त थांबावं, आणि ते का थांबले हे त्या खोलीत दोनच माणसांना कळावं. वीस-बावीस वर्षांचं आयुष्य तेवढ्या एका थांबण्यावर टांगून ती शूटिंगच्या दिवसाची वाट बघत राहिली.

डिसेंबर होता. अप्पांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. "अप्पा, नुसते हात दिसणार आहेत." "मग काय झालं? हातामागं माणूस नीट नको का?" कूलरवरचं उन्हाळ्यापासूनचं पोतं काढलं, मल्लेशनं त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. कूलर खोकला आणि घरघरू लागला. स्वयंपाकघरातून अव्वा आली. आली म्हणजे जवळजवळ धावत आली, पिठाचे हात तसेच, आणि दारात येऊन थांबली. महादेवी तिचं नाव, पण तिला नावानं हाक मारणारं या घरात कुणी नव्हतं. तिनं मुलांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, कॉटवरच्या चादरीकडं बघितलं. "थंडीत कूलर कशाला?" "शूटिंग हाय, शूटिंग," अप्पा म्हणाले. "तू चहा टाक पोरांना." ती हसली आणि आत गेली. कूलर चालू होता तोवर आत भांड्याचा आवाज झाला नाही.

महेश्वरीनं अप्पांना क्रम सांगितला. चपला, पाणी, घड्याळ, अंगठी, खिडकी, कूलर. अप्पांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. चपला त्यांनी भिंतीशी लावल्या, जोडीनं. पाणी प्यायले. घड्याळाच्या पट्ट्याला हात घातला. तिनं श्वास धरला. बोटं थांबली नाहीत. पट्टा सुटला, घड्याळ फ्रिजवर गेलं, खट्, आणि तिच्या सबंध अंगावर काटा आला. अंगठी निघाली. मग अप्पा खिडकीकडं वळले आणि तिथं मात्र थांबले. वळून बघितलं. तिच्याकडंच बघितलं.

"असं न्हवं," ते म्हणाले. "चुकतंय तुझं. आधी कूलर, मग खिडकी."

"का काका?" इंद्रजीतनं विचारलं.

"अरे, भर दुपारी आधीच खिडकी लावली तर शेजारच्यांच्या ध्यानात येतं की. कूलर मोठा केलेला असला म्हणजे खिडकी लावली तरी कुणाला काय वाटत न्हाई."

"काका, तुम्ही तर डायरेक्टर निघाला!" मल्लेश ओरडला. अप्पा हसले. खरंच खूश होऊन हसले, लहान मुलासारखे. महेश्वरी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिली, डोळ्यांत, ओठांच्या कडांना, कानांच्या पाळ्यांत. काही नव्हतं. आणि मग तिला कळलं की त्यांचं बरोबर आहे. आधी कूलर, मग खिडकी, असंच असायचं. चादरीच्या आत तिनंच ते उलटं लक्षात ठेवलं होतं इतकी वर्षं, आणि त्यांच्या मात्र ते पक्कं ध्यानात होतं. म्हणजे अप्पा विसरले नव्हते. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. दुकानाचं कुलूप आधी काढायचं, मग शटर उचलायचं, तसं ते होतं. तिनं त्यांच्यासाठी पिंजरा मांडला होता, आणि आत येऊन त्यांनी त्याचं दार नीट बसवून दिलं होतं. "परत घेऊ," ती म्हणाली. "कूलर आधी." आणि शॉट पहिल्यापेक्षा चांगला आला.

पुढचे दिवस ती कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत हेडफोन लावून बसली. ते हात तिनं पुन्हा पुन्हा बघितले, पुढं, मागं, सावकाश, इतके की ते हात राहिले नाहीत, कुठं कापायचं आणि कुठं ठेवायचं एवढंच राहिलं. यालाच बरं होणं म्हणत असतील का, असं तिला एकदा वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःचाच संताप आला. आपण दुखणं विकायला काढलंय आणि त्याला पॉलिश करतोय. पण चांगलं होत होतं. फार चांगलं होत होतं. ते थांबवणंही तिच्यानं झालं नाही. शेवटी इंद्रजीतनं आग्रह धरला म्हणून तिनंच टाइप केलं: हात, आणि खाली गुरुशांत. पांढऱ्या अक्षरांत, काळ्यावर.

सिनेमा शनिवारी दुपारी कॉलेजच्या सभागृहात दाखवला. अप्पा-अव्वा दुसऱ्या रांगेत होते, त्यांच्याजवळ महेश्वरी. अंधार झाला, कूलर घरघरू लागला, चादरीचे चौकोन उजळले. सगळीकडची चुळबूळ बसली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पाय उचलून खुर्चीवर घेतले. दारावर हात आला, नाव उमटलं, आणि नावालाच टाळ्या पडल्या. त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय झालं ते महेश्वरीला दिसलं नाही. मग दिवे लागले, इंद्रजीत माइकवर आला, म्हणाला की नामावलीची अख्खी कल्पना महेश्वरीची, एकन् एक फ्रेम तिची, कॅमेरा कुठं ठेवायचा तेसुद्धा तिनंच सांगितलं, आणि ज्यांचे हात बघून तुमची फाटली ते काका इथंच आहेत. हशा झाला. अप्पा स्टेजवर गेले. पाहुणे म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि घाबरल्यासारखं करून झटकन सोडला. पुन्हा हशा. अप्पांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. महेश्वरीही टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला ओरडावंसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त तळहात झणझणत होते. शेजारी अव्वा पदर मुठीत धरून पडद्याकडं बघत होती. पडदा केव्हाचा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवायला पाव्हणे येणार होते. अक्कलकोटचे मामा, मामी, अप्पांचे मठातले दोघं-तिघं. अप्पांनीच बोलावलं होतं, सिनेमा टीव्हीवर लावून दाखवायचा म्हणून. सकाळपासून ते बाहेर खुर्च्या मांडत होते. स्वयंपाकघरात कडक भाकऱ्यांची चळत लागली होती आणि अव्वा उखळात शेंगाची चटणी कुटत बसली होती. महेश्वरी लसूण सोलायला बसली. मग अव्वा मान वर न करता म्हणाली, "कॅमेरा कॉटवर ठेवला होता व्हय?"

"हो."

"आणि मधे चादर."

"हो."

बत्ता दोनदा पडला. "मला ते हात बघून काय वाटलं न्हाई बघ," अव्वा म्हणाली. "ते काय, ठावकी हायत. पण तितनं बघितलेलं मी कधी बघितलं नव्हतं." ती थांबली. उखळाच्या कडेला लागलेलं तिखट तिनं बोटानं आत ढकललं. "मी सगळ्यांना सांगायची. आमची मही दुपारी झोपली की झोपली. उन्हाळ्यात बी डोक्यावरनं चादर लागती हिला, घर पडलं तरी उठायची न्हाई. मामीला इचार, किती येळा सांगितलंय. एवढं एक देवानं माझं ऐकलं, असं म्हणायची मी." आता तिनं वर बघितलं. भुवईवरची चीर अजून बारीक पांढरी दिसत होती. "तू जागी असायचीस?"

महेश्वरीच्या हातातली पाकळी अर्धी सोललेली होती. आठवडेच्या आठवडे तिनं एका माणसावर नेम धरला होता. तो माणूस बाहेर खुर्च्या मांडत होता, गुणगुणत होता. नेम लागला होता तो इथं, उखळापाशी. इतक्या वर्षांत या बाईकडं जपून ठेवलेलं एकच काहीतरी होतं, तेवढंच तिचं स्वतःचं, आणि ते काल दुपारी भरल्या सभागृहात फुटलं होतं. तेही मुलीच्या हातून, टाळ्यांच्या कडकडाटात.

"तो अँगल इंद्रजीतनं लावला, अव्वा," ती म्हणाली. "मला काय ठाऊक? मी झोपलेलीच असायची की."

अव्वा तिच्याकडं बघत राहिली. इंद्रजीत माइकवर काय म्हणाला ते तिनंही ऐकलं होतं, दुसऱ्या रांगेतून, स्पष्ट. बाहेर मामांचा आवाज आला, अप्पांनी "या, या, बसा की" केलं. अव्वानं बत्ता उचलला.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "लई गाढ झोप तुझी." आणि मग, चटणी कुटता कुटताच, "जा बाई. लावून दे त्यांना. मी भाकरी बघते."